शिट्टीचा गुलाबी कागद

माझ्या जावेच्या फ्रिजवर एक गुलाबी कागद लावलेला आहे. लोक फ्रिजवर डॉक्टरचा नंबर लावतात, दूधवाल्याचा लावतात. हिने धावण्याच्या स्पर्धेचं वेळापत्रक लावलंय, तेही वर्षापूर्वी होऊन गेलेल्या. मी वर गेले की आधी तोच दिसतो आणि हातात जे असेल ते ओट्यावर आपटलं जातं. माझ्या दोन कपांचे कान त्यापायी गेले. जाऊ म्हणते, "ताई, काढून टाकू का?" मी म्हणते, "हात तर लावून बघ."

तो कागद माझ्या पुतणीचा. तिला घरात आणि रस्त्यावर सगळे शिट्टी म्हणतात. आमचं घर दुमजली. खाली आम्ही, वर धाकटे दीर, जाऊ आणि ही त्यांची एकुलती एक. पाच वर्षांची असताना कुणीतरी तिला खरीखुरी पंचाची शिट्टी आणून दिली, आणि तेव्हापासून आमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं. रस्त्यातली पोरं पळायची आणि ही पायरीवर उभी. ही खेळायची नाही, खेळवायची. पाळी कुणाची, दोनदा कोण पळालं, कुणाच्या गुडघ्याला लागलंय म्हणून त्याने बसायचं, सगळं हिच्या डोक्यात. हिच्याहून दोन हात उंच मुलगे निमूट रांगेत उभे राहायचे. भांडण पेटलं की आया येऊन हिलाच विचारायच्या, "शिट्टी, खरं काय ते सांग." आणि ती सांगायची. कधी कधी त्यात "मीच चुकीची पाळी दिली" असंही असायचं.

शाळा संपल्यावर तिने जाहीर केलं, की विद्यापीठात खेळाचं व्यवस्थापन शिकणार. दिरांचं कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. ते डोळ्याला भिंग लावून कुठल्याशा मनगटी घड्याळाच्या पोटात वाकले होते. मान वर न करताच म्हणाले, "खेळाचं कसलं व्यवस्थापन? चेंडू टाकला की पोरं धावतात."

"चेंडू कोण टाकणार, कुठे टाकणार आणि धावताना पोर पडलं तर कोण उचलणार, ते, बाबा."

"आणि हे शिकायला तीन वर्षं?"

"तुम्ही एक काटा सरळ करायला तीन दिवस घेता."

भाऊजी हसले. हसले म्हणजे परवानगी मिळाली, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारीण मात्र पुढची दोन वर्षं मला विचारत होती, "झाली का तुमची पुतणी पीटीची बाई?"

पीटीची बाई! पोरगी काय काय शिकत होती. मैदानातून वीस हजार माणसं किती मिनिटांत बाहेर पडतात, दारं नेहमी बाहेरच्या बाजूला का उघडावीत, खेळाडूचा करार कसा वाचायचा, प्रायोजकाचा फलक कुठे लावला की कॅमेऱ्यात येतो. तिच्याबरोबर सिनेमाला जायची सोय उरली नाही. पडद्यावर नायिका रडतेय आणि ही माझ्या कानात, "काकू, मागच्या दाराला कुलूप आहे, बघितलंस?" पुढचा अख्खा सिनेमा मी त्या कुलपाकडे बघत काढला.

दोन मास्तरांबद्दल ती घरी येऊन बोलायची. एक टायवाले. त्यांचा तास नोकरीच्या तयारीचा. हात कसा मिळवायचा, मुलाखतीत किती हसायचं, स्वतःचं नाव लोकांच्या नजरेसमोर सतत कसं राहील. "प्रत्येक कामावर तुमचं नाव दिसलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. दुसरे म्हातारे सर. आयुष्य मैदानावर काढलेले, आता आठवड्यातून दोन तास शिकवायला येत. टायबिय काही नाही, खिशात चार रंगांचे कागद. त्यांचं शिकवणं एवढंच होतं: वेळापत्रक पहिल्यांदा छापाल ते पांढऱ्या कागदावर. पहिला बदल पिवळ्यावर, दुसरा गुलाबी, तिसरा हिरवा. नवा रंग लागला की जुना दिसेल तिथून काढायचा आणि फाडायचा. "जुना कागद म्हणजे अडगळीतला साप," ते म्हणायचे. "मेला असं समजून पुढे गेलात तर चावलाच."

ही पद्धत शिट्टीच्या इतकी अंगात मुरली की तिने आईच्या वाणसामानाच्या याद्यासुद्धा रंगात सुरू केल्या. जावेने एकदा पांढरी यादी दाखवून साबण मागितला, तर ही म्हणाली, "ती यादी मेली आई, पिवळी दाखव." आम्ही पोट धरून हसलो. आज त्याचं हसू येत नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एखाद्या संस्थेत तीनशे वीस तास प्रत्यक्ष काम करावं लागे. त्याची एक वही असते. रोजचे तास, रोजचं काम आणि शेवटी तिथल्या प्रमुखाची सही. ती सही नाही तर पदवी नाही. तासांना मोल त्या सहीचं, घामाचं नाही. शिट्टीला शहरातल्या क्रीडासंकुलात जागा मिळाली. तिथले स्पर्धाप्रमुख म्हणजे रुबाबदार माणूस. सगळे त्यांना साहेब म्हणत. मैदानाच्या कडेला एक मनोरा आहे, त्याच्या वरच्या काचेच्या खोलीत त्यांची खुर्ची. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होते. त्या वातानुकूलित खोलीतूनही हाकता येतात हे शिट्टीच्या तोंडून कळलं.

पहिले दोन महिने तिने पाण्याचे खोके मोजले, झेंडे इस्त्री केले, साहेबांच्या पाहुण्यांना खुर्च्या दाखवल्या. मग शालेय मैदानी स्पर्धा आली आणि साहेबांनी तिला वेळापत्रक टाइप करायला बसवलं. त्यांनी सांगायचं, हिने टाइप करायचं. त्यात मुलींची तीन हजार मीटरची अंतिम शर्यत दुपारी बारा पन्नासला होती. मुलांची सकाळी सातला.

"साहेब, भर उन्हात तीन हजार मीटर?"

"मुलींची शर्यत बघायला सकाळी सातला कोण येतंय? पाहुणे बाराला येतात."

ही मूग गिळून बसली नाही. गेल्या पाच वर्षांचं त्या आठवड्याचं तापमान काढलं, तक्ता केला, मनोऱ्याच्या पायऱ्या चढून तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा साहेब कंटाळले. "बरं बाई, कर तुझ्या मनासारखं." मुलींची शर्यत सकाळी आठ दहाला आली. पांढरा कागद गेला, पिवळा आला. पुढे दोन शाळांच्या धावपट्ट्या बदलल्या, गुलाबी आला. आणि टायवाल्यांच्या शिकवणीप्रमाणे पहिल्या कागदापासूनच तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: "आखणी", आणि पुढे तिचं नाव. साहेबांनी नाव राहू दिलं, याचा तिला कोण आनंद!

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एक गुलाबी प्रत घेऊन ती घरी आली. कोपऱ्यात मैदानावरच्या निवेदकाची आद्याक्षरं आणि वेळ: पाच वाजून वीस मिनिटं, प्रत मिळाली. जावेने तो कागद फ्रिजवर लावला. भाऊजींनी भिंग काढून तळाचं नाव वाचलं. "छापलंय की," एवढंच म्हणाले. मग पाणी प्यायच्या निमित्ताने तीनदा फ्रिजपाशी जाऊन आले.

आता जे झालं ते शिट्टीने मला ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने सांगते. रागात माझे शब्द पुढेमागे होतात, म्हणून मी दोनदा तिच्याकडून घोकून घेतलंय.

सकाळी सात वाजता प्रायोजक कंपनीच्या मोठ्या साहेबांचा निरोप आला, की ते दुपारी येणार आणि त्यांना मुलींची शर्यत बघायचीय. फोटो त्यांना मुलींबरोबर हवे होते. स्पर्धाप्रमुखांनी काय करावं? कार्यालयातल्या संगणकात पडलेली पहिली फाइल काढली, मुलींची शर्यत दुपारी बारा पन्नासला असलेली, आणि छापून सगळीकडे लावायला सांगितली. कार्यालयात रंगीत कागद नव्हते. छापली पांढऱ्यावर. तळाशी शिट्टीचं नाव. शिट्टीला कुणी काही बोललं नाही. वॉकीटॉकी शिकाऊ मुलांना देत नाहीत.

शिट्टीची नेमणूक कॉल रूमवर होती. शर्यतीआधी खेळाडूंना गोळा करून, क्रमांक तपासून बसवून ठेवतात ती खोली. तिथे ती साडेसातला पोचली तर दारावर पांढरा कागद. तिने वाचला. मुली, बारा पन्नास. पोरीने ओळखला ना तो! तिनेच टाइप केलेला, तिनेच मारलेला. कुणीतरी अडगळीतून जुना काढून लावला असं वाटून तिने तो ओढून काढला आणि सरांनी शिकवलं होतं तसा फाडला. चार तुकडे. कचऱ्याच्या डब्यात.

जग उलटं टांगा, ही चूक दुसरा कुणी करणार नाही. न शिकलेल्या माणसाने कागद वाचला असता आणि गप्प बसला असता. ही शिकलेली होती म्हणून चुकली.

दारावर बदल सांगणारा कागदच नव्हता, म्हणून आठ वाजता चौदा मुली खोलीत येऊन बसल्या. शर्यत दहा मिनिटांवर, म्हणून कुणी काही खाल्लेलं नव्हतं. आठ दहा झाले, कुणी बोलवेना. आठ चाळीसला शिट्टी धावत मनोरा चढली. साहेब म्हणाले, "दारावर कागद लावलाय ना? वाचता येत नाही?"

"साहेब, मग मुलींना सोडते. काही खाऊ दे, सावलीत बसू दे."

"अजिबात नाही. पाहुणे केव्हाही येतील. आले की लगेच शर्यत सोडायची. मुली जागेवर हव्यात. दार लाव."

कॉल रूमचा नियमच तो: एकदा आत गेलेला खेळाडू शर्यतीलाच बाहेर पडतो. शिट्टीने दार लावलं. पत्र्याचं छप्पर, चौदा मुली, एक पंखा. होतं ते पाणी दहापर्यंत संपलं. तिने दोनदा माणूस पाठवून आणखी मागवलं, एकदा आलं. पाहुणे साडेबाराला आले. शर्यत बारा पन्नासला सुटली. सहाव्या फेरीला एक मुलगी वळणावर आडवी झाली. चौदा वर्षांची, बारीक, मैत्रिणी तिला काडी म्हणायच्या. ती पडली तेव्हा पाहुण्यांचे फोटो चालू होते.

दोन दिवस इस्पितळात. उष्णतेचा झटका. मूत्रपिंडांना ताण बसला, सहा महिने धावायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्याच महिन्यात तिची निवड चाचणी होती. ती गेली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी शिट्टीला बोलावलं. समोर टाइप केलेलं निवेदन ठेवलं: वेळापत्रकातला बदल आणि तो खेळाडूंपर्यंत न पोचणं हे सर्वस्वी माझ्या अननुभवामुळे झालं. खाली सहीची जागा. शेजारी तिची तासांची वही उघडून ठेवलेली, सहीच्या पानावर. आणि बाजूला एक बंद पाकीट.

"यात संकुलातल्या कायमच्या जागेचं पत्र आहे," साहेब म्हणाले. "शिकाऊ माणसाची चूक लोक आठवड्यात विसरतात. माझी विसरणार नाहीत. तू हुशार आहेस. उद्योगात असंच असतं."

शिट्टी म्हणाली, विचार करून सांगते.

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर आम्ही सगळे बसलो. भाऊजी म्हणाले, "सही कर आणि मोकळी हो. कागद तूच फाडलास ना? मग अर्धं खरंच आहे."

"अर्धं आहे, बाबा. उरलेलं अर्धं माझं नाही."

"त्या अर्ध्यासाठी वर्ष घालवणार?"

जाऊ रडत होती. माझे यजमान छताकडे बघत होते. कठीण प्रसंगी ते छतावर लक्ष ठेवतात. आणि मी? इथे मला लाज वाटते, पण लिहायचंच तर सगळं लिहावं. मी म्हटलं, "बाळा, कर सही. पदवी हातात आली की मग भांड जगाशी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. म्हणाली, "काकू, तुला दाराचं नाही सांगितलं मी. कागदाचं मला एवढं नाही लागत. पण त्या पोरी आतून म्हणत होत्या, ताई, जरा बाहेर जाऊ दे, आणि दार मी धरून उभी होते. ते मी लिहीन. वेळ मी बदलली, ते नाही लिहिणार."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. कागद मी फाडला. तो जुना आहे असं समजून फाडला. दार साहेबांच्या सांगण्यावरून मी लावलं आणि उघडलं नाही. वेळ मी बदलली नाही. खाली सही. साहेबांनी वाचलं, पाकीट खणात टाकलं आणि तासांची वही बंद करून तिच्या हातात दिली. कोरी.

विद्यापीठाची चौकशी समिती बसली. जावेला ताप होता म्हणून शिट्टीबरोबर मी गेले. विभागप्रमुख बाई गोड बोलणाऱ्या. माझा गोड बोलणाऱ्या माणसांवर तेव्हापासून विश्वास उडालाय. म्हणाल्या, "पुरावा असेल तर द्या, पण मूळ कागद नको, झेरॉक्स जोडा. तसा नियम आहे."

आम्ही फ्रिजवरचा गुलाबी कागद काढून नेला होता. कोपऱ्यावर झेरॉक्स काढली, जोडली. आठ दिवसांनी समितीचं उत्तर आलं. वाचा आणि सांगा तुमचं रक्त उसळतं का. समितीसमोर वेळापत्रकाच्या दोन प्रती आल्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवर सदर विद्यार्थिनीचं नाव, दोन्हींत वेळा वेगळ्या. सबब विद्यार्थिनीने वेळ बदलल्याचा दावा नाकारता येत नाही.

पांढऱ्या! अहो, गुलाबी कागदाची झेरॉक्स पांढरीच येणार की! मी तशीच रिक्षा करून विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. हातात मूळ कागद.

"हा बघा. हा कुठला रंग?"

"तुम्ही कोण?"

"मी काकू. रंग कुठला?"

"हे बघा, रंग हा काही समितीचा विषय नाही."

"मग समितीचा विषय काय? कोपऱ्यात निवेदकाची आद्याक्षरं आहेत, वेळ आहे, त्याला बोलावून विचारलंत?"

"ते संकुलाचे कर्मचारी आहेत, त्यांना अडचणीत आणणं बरं दिसत नाही."

"आणि हिला अडचणीत आणणं छान दिसतं?"

बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "तुम्ही भावनेच्या भरात आहात. संकुल दरवर्षी आपली बारा मुलं घेतं. उद्या त्यांनी दार बंद केलं तर?"

म्हणजे हे होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी का, तर चोर दरवर्षी बारा जागा देतो. मी पाणी प्यायले नाही. उठताना एवढंच म्हणाले, "दार बंद करण्यात ते पटाईतच आहेत, बाई. आत कोण आहे ते बघत नाहीत."

सही नाही म्हणून तीनशे वीस तास शून्य झाले. वर्ष गेलं. वर्गातली पोरं पदवीच्या झग्यात फोटो काढत होती तेव्हा शिट्टी शहराच्या दुसऱ्या टोकाला, इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेली. काडीची आई तिथे काम करते. ह्या वेळीही मी सोबत होते, ती नको म्हणत असताना. चादरींच्या ढिगापलीकडे उभी असलेली ती बाई; हात कोपरापर्यंत ओले.

शिट्टी म्हणाली, "त्या दिवशी खोलीचं दार मी लावलं होतं. तुम्हाला हे माझ्याकडून कळायला हवं."

"आता आलीस?" ती बाई ओरडली. "पोरगी पाणी पाणी करत होती तेव्हा कुठे होतीस?"

"दारात."

ती बाई दोन मिनिटं वाटेल ते बोलली. शिट्टी ऐकत उभी राहिली. मी मध्ये बोलायला गेले तर शिट्टीने माझं मनगट धरलं. शेवटी त्या बाईने ओला हात पदराला पुसला आणि म्हणाली, "एवढ्या लोकांतली तू एकटीच आलीस. ते साहेब फुलं पाठवून मोकळे झाले." मग पाठ फिरवून यंत्राकडे गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि शिट्टीने माफी मागितलीही नव्हती. काडी आता पुन्हा धावते असं ऐकलं.

शिट्टीने पुन्हा शेवटच्या वर्षात नाव घातलं. नव्या वहीसाठी तिला म्हाताऱ्या सरांनी एका लहानशा जलतरण तलावावर जागा बघून दिली. तिथली प्रमुख एक खडूस बाई, जी स्वतः काठावर उभी राहते. पहिल्याच दिवशी तिने शिट्टीला विचारलं, "त्या प्रकरणातली तूच का?" ही हो म्हणाली. "बरं. इथे कुठलंही दार तुला आतून बाहेरून उघडता आलं पाहिजे. आधी सगळी दारं उघडून दाखव." वहीत पहिला तास त्या दारांचा आहे.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण मागच्या महिन्यात विद्यापीठाने नोकरीच्या तयारीचा मेळावा भरवला. उद्योगातले अनुभवी लोक येऊन मुलांना मार्गदर्शन करणार, पालकांनाही आमंत्रण. भाऊजी दुकान बंद करून आले, ही नवलाची गोष्ट. आम्ही तिसऱ्या रांगेत, शिट्टी पहिल्या रांगेत. आणि व्यासपीठावर कोण? साहेब! तोच रुबाब, नवा कोट. भाषणाचा विषय: स्पर्धा आयोजनातली सुरक्षितता.

पडद्यावर चार चौकोन उमटले. पांढरा, पिवळा, गुलाबी, हिरवा.

"ही पद्धत आम्ही आमच्या संकुलात अनुभवातून विकसित केली," साहेब म्हणाले. "प्रत्येक बदलाला वेगळा रंग. त्यामुळे चुकीला जागाच राहत नाही."

मुलं भराभरा लिहून घेत होती. मागच्या भिंतीशी म्हातारे सर उभे होते, हात खिशात. जावेने माझा हात दाबून धरला, नाहीतर माझी पर्स व्यासपीठावर गेली असती.

प्रश्नांची वेळ झाली. शिट्टी उभी राहिली. आवाज चढलेला नाही, कापरा नाही. रस्त्यात पाळी सांगायची तोच आवाज.

"साहेब, गुलाबी लागलेला असताना कुणी पांढरा लावला तर?"

साहेबांनी तिला ओळखलं. हसू तसंच ठेवून म्हणाले, "असं होत नाही."

"गेल्या वर्षी झालं. तो कुणी छापला?"

सभागृहात पेनं थांबली. विभागप्रमुख बाई लगबगीने ध्वनिक्षेपकापाशी आल्या. "वेळेअभावी आपण इथेच थांबू या. पुढचे वक्ते..."

आणि माझ्या शेजारची खुर्ची करकरली. भाऊजी उठले होते. आयुष्यात चारचौघांत तोंड न उघडलेला माणूस. सही करून मोकळी हो म्हणालेला. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, बघतात तसं नीट बघितलं.

"बाई, प्रश्नांना साडेबारापर्यंत वेळ आहे असं तुमच्या पत्रिकेत छापलंय," ते म्हणाले. "आत्ता बारा एकोणीस झालेत. अकरा मिनिटं आहेत. माझं घड्याळ चुकत नाही." मग खाली बसले नाहीत, साहेबांकडे बघून म्हणाले, "मुलीने काहीतरी विचारलंय तुम्हाला."

साहेबांनी पाण्याची बाटली उचलली. झाकण उघडलं, परत लावलं. मागून कुठलीतरी पहिल्या वर्षाची पोरगी मोठ्याने कुजबुजली, "काय झालं होतं गं गेल्या वर्षी?" आणि तिला गप्प करायला कुणी वळलं नाही.

शिट्टी उभीच होती.